वाचकांचे प्रश्न : विहीर, व्हिसेरा आणि फौजदाराचं प्रेम

आपल्या मासिकात क्रमशः येणाऱ्या रहस्य-प्रेमकथेचे दहा भाग झाले आणि पत्रांचा ढीग पडला. मधले भाग ज्यांचे सुटले त्यांच्यासाठी थोडक्यात : वर्धा नदीकाठच्या गावात मे महिन्यात जिनिंगच्या दिवाणजीचं प्रेत शेतातल्या विहिरीत सापडतं. ठाणेदार मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करून मोकळे होतात, तरुण फौजदाराला ते पटत नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ व्हिसेऱ्यात, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अवयवांत, कीटकनाशक शोधते आणि या दोघांचं प्रेम जमतं. मग जिनिंगचा रखवालदारही मरतो. त्याच्या व्हिसेऱ्याची बरणी प्रयोगशाळेत येते तेव्हा शिक्का तुटलेला असतो, आणि ती बरणी फौजदाराच्याच ठाण्यात आठ दिवस पडून होती. निवडक पत्रांना न्यायवैद्यक आणि रासायनिक विश्लेषण या शाखांतल्या जाणकारांनी दिलेली उत्तरं खाली आहेत.

पाचव्या भागात डॉक्टर म्हणतात, "फुप्फुसात पाणी नाही, म्हणजे आधी मारलं आणि मग विहिरीत टाकलं." इतकं सरळ असतं का? बाकी प्रेत बाहेर काढण्याचं वर्णन अगदी डोळ्यांपुढे उभं राहिलं.
— वाचक, वरूड

सरळ नसतं. काही वेळा पाणी घशाशी लागताच स्वरयंत्र आवळून बसतं आणि माणूस बुडून मेला तरी फुप्फुसं जवळजवळ कोरडी राहतात. उलट, मेल्यावर टाकलेल्या देहाच्या श्वासनलिकेतही थोडं पाणी आपसूक शिरतं. म्हणून डॉक्टर आधी बघतात तो नाकातोंडाचा फेस. बुडालेल्याचा फेस पांढरा, बारीक बुडबुड्यांचा आणि चिकट असतो. पुसला आणि छाती दाबली की पुन्हा वर येतो. मुठीत गच्च धरलेलं शेवाळ किंवा गाळ सापडला तर माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता, याची ती भक्कम खूण. तळहात-तळपाय सुरकुतण्याला मात्र काही अर्थ नाही, पाण्यात पडलेल्या मेलेल्या देहाचेही सुरकुततात.

इथे लेखिकेच्या हातून एक मोठी संधी निसटली. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकाने मेलेल्याच्या तोंडालाही फेस येतो. विष दिलेला माणूस अर्धवट शुद्धीत विहिरीत ढकलला असेल तर फेस विषाचा की पाण्याचा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं फार अवघड. गोष्टीचा खरा पेच तिथेच होता.

अशा वेळी डायटमची तपासणी मदतीला येते. डायटम म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, त्याचं कवच सिलिकाचं. जिवंत माणसाने पाणी ओढलं तर हे डायटम फुप्फुसातून रक्तात जातात, आणि हृदय चालू असेल तरच रक्ताबरोबर हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. मांडीच्या किंवा छातीच्या हाडातला मगज काढून तीव्र नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात. मांस-चरबी जाते, कवच उरतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. मग त्याच विहिरीच्या पाण्यातल्या डायटमशी ताडून बघायचं. त्यासाठी विहिरीचं लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत, पहिल्याच दिवशी घ्यायला हवं. कादंबरीत फौजदार तिसऱ्या दिवशी पाणी भरतो, तोवर मोटार लावून विहीर उपसलेली आणि गाळ ढवळलेला. शिवाय हाड आणि भांडी धुवायला ऊर्ध्वपातित पाणीच लागतं, कारण नळाच्या पाण्यातही डायटम असतात. आणि तपासणीत काहीच सापडलं नाही, म्हणून माणूस बुडाला नाही असंही म्हणता येत नाही.

मले एक सांगा, विहिरीच्या पाळीवर ते लुमिनॉल मारलं अन् निळं चमकलं, तं ते रक्तच होय काय? त्याच भागात लिहिलं हाय का प्रेत काढल्यावर ग्रामपंचायतवाल्यायनं ब्लीचिंग पावडर टाकली. मंग?
— वाचक, दारव्हा

भाऊ, तुम्ही नेमकं पकडलंत. लुमिनॉल हे रसायन रक्तातल्या लोहामुळे अंधारात निळं चमकतं, पण ब्लीचिंग पावडरनेही चमकतं, तांब्यानेही चमकतं, काही झाडपाल्याच्या रसानेही चमकतं. सरावलेल्या डोळ्याला फरक कळतो : ब्लीचची चमक लखकन येऊन जाते, रक्ताची सावकाश विरते. तरी ती चमक म्हणजे फक्त 'इथे बघा' एवढंच. पुढे रक्त आहे का, माणसाचं आहे का, ही वेगळी तपासणी. शेतातल्या विहिरीच्या पाळीवर बैलाच्या जखमेचं रक्तही सांडलेलं असू शकतं. पाळीवर पावडर सांडली होती हे फौजदाराने पंचनाम्यात लिहिलेलं नाही, आणि आरोपीचा वकील पहिला तेच विचारेल.

नायिकेला दोन दिवसांत रिपोर्ट मिळतो. आमच्या भागात लोक सीए (रासायनिक विश्लेषकाच्या) रिपोर्टसाठी महिनोन्‌महिने ठाण्याच्या चकरा मारतात. व्हिसेऱ्यात नेमकं काय पाठवतात आणि एवढा वेळ कशाला लागतो, ते एकदा नीट सांगा.
— वाचक, हिंगणघाट

ताई, आधी व्हिसेरा म्हणजे काय ते. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण स्पष्ट झालं नाही किंवा विषाचा संशय असला, की डॉक्टर मत राखून ठेवतात आणि अवयवांचे भाग रासायनिक तपासणीसाठी काढतात. रुंद तोंडाच्या, साधारण लिटरभराच्या काचेच्या बरण्या लागतात. पहिलीत जठर, आतल्या अन्नासकट, आणि लहान आतड्याचा ३० सेंटिमीटरचा तुकडा. दुसरीत यकृताचा सुमारे ५०० ग्रॅमचा भाग आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. तिसऱ्या लहान बाटलीत १० मिलीलिटर रक्त, त्यात सोडियम फ्लोराइड. चौथीत नुसतं मिठाचं पाणी, ज्यात अवयव ठेवले तेच. हे चौथं लोकांना निरर्थक वाटतं, पण सापडलेलं विष त्या मिठाच्या पाण्यातूनच आलं नाही, हे दाखवायला तोच एक आधार असतो.

मिठाचं पाणी संपृक्त हवं. लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरतं, त्यापुढे तळाशी बसतं. तळाशी मीठ दिसलं की समजायचं पाणी तयार झालं. अवयव चिरून घालायचे, अख्खा तुकडा टाकला तर मीठ आतपर्यंत पोचत नाही आणि मधलं मांस कुजतं. बरणी दोन तृतीयांशच भरायची. कुजण्याने वायू धरतो, काठोकाठ भरलेली बरणी मेच्या उन्हात जीपमध्येच बूच उडवते किंवा तडकते.

चौथ्या भागात ग्रामीण रुग्णालयात अवयव फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्याचं लिहिलंय. ही कादंबरीतली सगळ्यांत मोठी तांत्रिक चूक. फॉर्मॅलिनने मांस टणक होतं आणि विष वेगळं काढणं अवघड होऊन बसतं. फॉर्मॅलिन लागतं ते पेशींच्या तपासणीसाठी, आणि तिथे मिठाचं पाणी चालत नाही. दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या बाटल्या. तसंच, दारूचा संशय असेल तर स्पिरिटमध्ये काहीही ठेवायचं नाही, कारण उघड आहे.

आता शिक्का. बूच घट्ट बसवून त्यावर कापड बांधतात, दोऱ्याच्या गाठीवर लाख वितळवून थेंब सोडतात आणि ती गरम असतानाच डॉक्टर पितळी शिक्का दाबतात. लाख थंड झाल्यावर शिक्का उठवला तर अक्षरं उमटत नाहीत, कडेने तडे जातात. हाच शिक्का एका वेगळ्या कागदावरही उमटवून बरणीबरोबर पाठवतात, त्याला नमुना शिक्का म्हणतात. बरणीच्या चिठ्ठीवर शवविच्छेदन क्रमांक, मर्ग क्रमांक, मयताचं नाव, तारीख, कोणता अवयव आणि कशात ठेवला, एवढं असतं. प्रयोगशाळेच्या खिडकीवर पहिलं काम म्हणजे बरणीवरचा शिक्का आणि कागदावरचा शिक्का शेजारी धरून बघणं.

पुढे अवयव वाटून, द्रावकाने विष वेगळं काढून आधी टीएलसी पट्टीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या) चढवतात, मग जीसी-एमएस या पदार्थ नेमका ओळखणाऱ्या यंत्रावर खात्री करतात. हे प्रत्यक्ष काम काही दिवसांचंच. बाकीचे महिने जातात ते रांगेत, कारण नागपूर-अमरावतीच्या प्रयोगशाळांत अनेक जिल्ह्यांच्या बरण्या येतात. नायिकेने बिनरांगेत तपासलं हे चालवून घेता येईल, पण त्याने प्रेमकथा लंगडी झाली. मेमध्ये पाठवलेला व्हिसेरा आणि रिपोर्ट हातात येतो तेव्हा शेतात कापूस फुटलेला, एवढ्या काळात त्या दोघांमध्ये किती काही घडू शकलं असतं!

शिवाय विष सापडलं म्हणजे विष पाजलं, असं आपल्या भागात तरी म्हणता येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते विष मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून भिनलेलं होतं. दिवाणजी सकाळी फवारणीवर उभा होता, असं दुसऱ्याच भागात आहे. म्हणून पहिली आणि दुसरी बरणी वेगळी ठेवतात. जठरातल्या अन्नात भरपूर विष असेल तर ते तोंडावाटे गेलं. यकृतात आणि रक्तात थोडं, जठरात नाही, तर वाट वेगळी. नायिका दोन्ही बरण्यांचा अर्क एकत्र करते, ते दुरुस्त व्हायला हवं.

रखवालदाराच्या अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सिअस आलं, म्हणून "तासाभरापूर्वी मेला" असं आठव्या भागात ठरवलंय. बरोबर आहे का?
— वाचक, मेहकर

मुळीच नाही. देह थंड होतो तो भोवतालची हवा त्याच्यापेक्षा थंड असली तर. मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी पारा ४५ च्या वर, तिथे मेलेला देह थंड होण्याऐवजी तापतो. मृत्यूनंतर दहा तासांनीही थर्मामीटर ३८ दाखवू शकेल. अशा वेळी डॉक्टर खोलीचंही तापमान लिहितात आणि इतर खुणा बघतात. ताठरपणा आधी पापण्या-जबड्यात येतो, मग सगळ्या अंगात. आपल्या उन्हाळ्यात तो लवकर येतो आणि लवकर जातो. अंगाखाली रक्त साकळून पडणारे जांभळट डाग पहिल्या काही तासांत बोटाने दाबले की फिके होतात, साधारण सहा ते बारा तासांनी पक्के बसतात. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट छटा उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत दिसू लागते. माश्यांची अंडी डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसतात का, की अळ्या झाल्यात, तेही नोंदवतात. हे सगळं धरूनही उत्तर एका तासाचं येत नाही, काही तासांचा पट्टा येतो.

हा पट्टा कादंबरीच्या फायद्याचाच आहे. 'तासाभरापूर्वी' म्हटलं की ठाण्यात बसलेला फौजदार सुटतो. 'आठ ते चौदा तास' म्हटलं की तो रात्री कुठे होता हा प्रश्न उभा राहतो, आणि तो नायिकेलाच विचारावा लागतो.

रक्ताने भिजलेला दुपट्टा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवला, आणि डीएनए मिळालं. पटलं नाही.
— वाचक, आर्णी

तुमची शंका रास्त आहे. ओलं कापड प्लास्टिकमध्ये दोन दिवसांत बुरशी धरतं, जंतू आणि उष्णता मिळून डीएनएचे तुकडे पाडतात. दुपट्टा सावलीत, स्वच्छ कागदावर पसरून वाळवायचा, उन्हात किंवा पंख्यासमोर नाही. मग घडीच्या मध्ये कोरा कागद घालून कागदी पाकिटात, आणि प्रत्येक कपड्याचं पाकीट वेगळं. आरोपीचे आणि मयताचे कपडे एकाच पिशवीत गेले, तर एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं असं म्हणायला वाव राहतो.

मी बी.एस्सी.ला आहे, नायिकेसारखं काम करायचं आहे. रस्ता सांगा.
— वाचक, लोणार

रसायनशास्त्र सोडू नका. नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथे न्यायवैद्यक विज्ञानाचं शिक्षण मिळतं. पण शुद्ध रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेलेही प्रयोगशाळांत असतात. पदांच्या जाहिरातीतली पात्रता शब्दन्‌शब्द वाचा, पदवीचा विषय जुळला नाही तर अर्ज तिथेच बाद होतो. टायट्रेशन करताना वहीत खाडाखोड न करण्याची सवय आत्तापासून लावून घ्या.

तपास करणारा आणि तपासणी करणारी प्रेमात पडतात, हे मला खटकतं. पंचनाम्यात प्रेम कशाला? आणि शिक्का तुटलेला दिसूनही ती गप्प बसते, तिचं पुढे काय व्हावं?
— शिक्षक, मूल

सर, दोघांची गाठ पडणं अशक्य नाही. एरवी बरणी घेऊन हवालदार येतो, आणि आत बसलेल्या विश्लेषकाला फौजदाराचा चेहरा दिसतही नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. त्यामुळे विहिरीच्या पाळीवरची त्यांची पहिली भेट खरी वाटते, आणि आम्हाला ती फार आवडली. नायिका सीलबंद करताना फौजदाराच्या हातातली मेणबत्ती वाऱ्याने विझते आणि तो न बोलता दुपट्ट्याचा आडोसा धरतो, एवढ्यावर लेखिका थांबते. प्रेम असंच यावं.

प्रेमात पडायला कायद्याची मनाई नाही. शासकीय तज्ज्ञाचा अहवाल त्याच संहितेच्या कलम ३२९ खाली सहसा तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचला जातो, पण न्यायालय तज्ज्ञाला साक्षीला बोलावू शकतं. आणि दोघांचं नातं बाहेर आलं, की आरोपीचा वकील ती मागणी केल्याशिवाय राहणार नाही. उलटतपासणीत रसायनाचा एकही प्रश्न न विचारता तिचा अहवाल खिळखिळा करता येईल. म्हणून जमलं त्या दिवशीच तिने वरिष्ठांना लेखी कळवून प्रकरण दुसऱ्या विश्लेषकाकडे द्यायला हवं होतं. तिने ते केलं नाही, ही चूक तिची आहे, लेखिकेची नाही, आणि कादंबरीत ती असायलाच हवी.

शिक्क्याचं म्हणाल तर तिच्यापुढे एकच रीत आहे. बरणी उघडायची नाही. आवक नोंदवहीत 'शिक्का तुटलेला, नमुना शिक्क्याशी जुळत नाही' असं त्याच दिवशी लिहायचं, आणलेल्या हवालदाराची सही घ्यायची, फोटो काढायचा आणि ठाण्याला लेखी कळवायचं. ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत बरणी कोणत्या दिवशी कोणाच्या हातात होती याच्या सह्या असतात, त्यावरून हात शोधता येतो. तो हात फौजदाराचा नसेल, तर त्याला सोडवणारा कागदही हाच. दहाव्या भागात तिने वही उघडली आहे आणि तारखेपुढची ओळ अजून कोरी आहे.