डी-डायमर दुप्पट झाला का?

प्रश्न : वय ४४. कोविड होऊन वर्ष झालं, थकवा जात नाही. थोडं जास्त काम केलं की दुसरा दिवस अंथरुणात. डी-डायमर सीताबर्डीतल्या लॅबमध्ये ३१० आला, आठवड्याने धरमपेठेत ६४०. रक्त घट्ट होतंय का? ॲस्पिरिन सुरू करू? ‘मायक्रोक्लॉट’ची (रक्तातल्या सूक्ष्म गुठळ्यांची) तपासणी करावी का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा प्रथिनाचा तुकडा. आधी दोन्ही रिपोर्टांवरचं एकक बघा. डी-डायमर ‘डीडीयू’ किंवा ‘एफईयू’ या दोनपैकी एका एककात देतात आणि एफईयूचा आकडा साधारण दुप्पट असतो. पहिला डीडीयूत, दुसरा एफईयूत असेल तर वाढ जवळपास काहीच नाही. एफईयूत नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्याच्या थोडं वर जायला साधा संसर्ग, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशनही पुरतं. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही लक्षात ठेवावा. आकडा कमी आला तर गुठळीची शंका बरीच मिटते. वाढला म्हणजे गुठळी आहेच, असं मात्र नाही.

पीटी-एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या तपासण्या, करणार असाल तर नळीकडे लक्ष द्या. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सायट्रेट असतं. १ भाग सायट्रेटला ९ भाग रक्त लागतं. नळी अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायचा वेळ खोटाच लांबतो. एपीटीटीचा नमुना ४ तासांत तपासला जायला हवा, तोही खोलीच्या तापमानात. मे महिन्यात घरून नेलेला नमुना गाडीच्या डिक्कीत तापतो, म्हणून लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या. ल्युपस अँटिकोॲग्युलंट (गुठळ्यांचा धोका वाढवणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आला तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. त्याआधी आजाराचा शिक्का मारत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर लॅबला सांगा, निकाल फसवतो.

मायक्रोक्लॉटवर पैसे घालवू नका. प्लाझ्मात थायोफ्लेविन-टी हा रंग घालून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली ते बघतात. संशोधनात रस घेण्याजोगं आहे, पण मोजायची सर्वमान्य पद्धत नाही, आणि असे कण मधुमेहींतही दिसले आहेत. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, बी१२ झाले नसतील तर आधी ते करा.

ॲस्पिरिन मनाने नको. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि पावसाळ्यात डेंग्यू झाला तर धोका वाढतो. पण एकच पाय सुजला, छातीत दुखलं किंवा अचानक दम लागला, तर लॅब शोधत बसू नका; थेट मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) जा.