कड आधी घास

सप्रेम आशीर्वाद.

काल पायऱ्यांवर बसून तू विचारलंस, "सर, तीन आठवडे झाले, एकही प्रिंट धड येत नाही. एचिंग सोडून लिथोला जाऊ का?" मी धड उत्तर दिलं नाही. तुझ्या हातातली धातूची प्लेट बघत होतो, सुईने रेघा काढून ॲसिडने कोरलेली. सुईची रेघ सुरेख, आणि चारही कडा दुकानातून कापून आणल्या तशाच!

कड आधी घास. प्लेट टेबलाच्या काठावर घट्ट धर आणि कानस एकाच दिशेने, पुढे ढकलत चालव. साधारण ४५ अंशांचा उतार यायला हवा. मग पॉलिश पेपर. शेवटी कडेवरून नख फिरव; अडकलं तर अजून घास. प्रेसचा रूळ ओला कागद रेघांतल्या शाईवर ज्या जोराने दाबतो, त्याच जोराने कडेवरही दाबतो. धार राहिली की कागद कापला जातो, शाई कडेला धरून बसते आणि चित्राभोवती काळी मळकट किनार उमटते. तुझ्या तिन्ही प्रिंटना ती होती. तू मात्र ॲसिडला दोष देत होतीस.

लिथोला खुशाल जा. तिथे चित्र दगडावरून छापतात, म्हणजे दगड घासावा लागेल. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत लिथोचा छापखाना काढला, तेव्हा एकाच चित्राला रंगागणिक वेगळा दगड लागे. दगडावर नवं चित्र काढायचं तर आधी जुनं घासून घालवायचं. घासण्यातून सुटका कुठेच नाही गं.

तुझ्या वयाचा असताना, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी न घासलेली जस्ताची प्लेट प्रेसमधून काढली. कागद गेलाच, प्रेसमध्ये कागदावर घालतात ते लोकरीचं ब्लँकेटही वीतभर कापलं गेलं. सकाळी बोलणी बसली ती स्टुडिओतल्या मदतनीस काकांना. मी शेजारीच उभा होतो, तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले; सांगायचं राहूनच गेलं.

म्हणून कडेला हात लावून बघितल्याशिवाय मी कुणाचीच प्लेट प्रेसवर चढू देत नाही. मुलं जाच म्हणतात. म्हणू देत. प्रेस सगळ्यांची आहे, आणि तुझ्या घाईची भरपाई दुसऱ्याने करावी हे मला आता बघवत नाही.

सोमवारी लवकर ये. बारीक दातांची कानस माझ्या खणात आहे, ती घे. नवी प्लेट आणू नकोस, हीच आण.