ऑनलाइन किमतींचा डेटा गोळा करण्याआधी

प्रबंधासाठी खरेदीच्या साइटवरून किमती आपोआप उचलणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहायला बसण्याआधी त्या साइटच्या वापराच्या अटी वाचा आणि मार्गदर्शकांना विचारून संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते का ते बघा. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

नुसता किमतीचा आकडा उचलू नका. पानाचं मूळ एचटीएमएल (ज्या कोडमधून पान दिसतं तो) तारीख-वेळेसह साठवा. साइटची मांडणी बदलली की स्क्रिप्ट दरवेळी बंद पडतेच असं नाही. कधी ती पानावर काट मारून दाखवलेली जुनी किंमतच गुपचूप विक्रीची म्हणून नोंदवत राहते. मूळ पान हाताशी असेल तर हे मागाहून दुरुस्त करता येतं.

लॉगिन न करता, एकाच ठिकाणाहून, ठरलेल्या वेळी नोंद घ्या. वस्तू गायब झाली तर रकाना रिकामा ठेवा. शून्य भरलंत तर सरासरी कोसळेल. आणि रिव्ह्यूंची संख्या म्हणजे विक्रीचा आकडा नव्हे, परीक्षक हमखास तिथेच अडवतात.