तीन चलांची समीकरणं सोडवता येतात, पण शाब्दिक उदाहरण आलं की मांडताच येत नाही. आणि कधीकधी शेवटी ० = ० येतं. काय करू?

मी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. क्रेमरच्या पद्धतीने (समीकरणं सोडवायची एक ठरावीक रीत) धडाधड उत्तरं काढणारी मुलं शाब्दिक उदाहरण आलं की पेन चावत बसतात, हे नेहमीचंच. अडतं ते गणितात नाही, वाचण्यात.

हे उदाहरण घ्या. गल्ल्यात १०, २० आणि ५० रुपयांच्या मिळून २८ नोटा आहेत. रक्कम ८०० रुपये. वीसच्या नोटा दहाच्या नोटांच्या दुप्पट आहेत. तर प्रत्येकी किती?

आधी पूर्ण वाक्य लिहा: "क म्हणजे दहाच्या नोटांची संख्या." तसंच वीसच्या नोटांसाठी ख, पन्नासच्या नोटांसाठी ग. नुसतं "क = दहा" लिहिलंत की पुढे क म्हणजे नोट, रुपये की संख्या, याचा घोळ होणारच. म्हणून दहासाठी 'द' वगैरे आद्याक्षरंही मी घेऊ देत नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिली अज्ञात राशी यावत्तावत् आणि पुढच्या कालक, नीलक, पीतक, म्हणजे चक्क रंगांची नावं. निळ्या रंगाला कुणी चुकूनही नोट समजणार नाही!

आता एकेका वाक्याचं एकेक समीकरण:

क + ख + ग = २८
१०क + २०ख + ५०ग = ८००
ख = २क

पहिलं नोटा मोजतं, दुसरं रुपये. नोटा आणि रुपये एकाच समीकरणात मिसळायचे नाहीत. तिसऱ्यात मात्र हुशार मुलंही घसरतात. 'दुप्पट' शब्द वीसच्या नोटांबद्दल आहे म्हणून २ खच्या मागे लावतात आणि २ख = क लिहून मोकळी होतात. शंका आली तर आकडा घालून बघा. दहाच्या ५ असतील तर वीसच्या १०. मग २ × १० = ५ होतं का?

पुढचं तुम्हाला येतंच. खच्या जागी २क ठेवलं की ३क + ग = २८ आणि ५०क + ५०ग = ८००, म्हणजे क + ग = १६. वजाबाकी केली की क = ६, मग ग = १०, ख = १२. ताळा समीकरणात करू नका, गोष्टीत करा: ६० + २४० + ५०० = ८००. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर उत्तर त्या चुकीच्या समीकरणात अगदी फिट्ट बसतं आणि काही कळत नाही.

शेवटी ० = ० येतं, असंही तुम्ही विचारलंय. ती दरवेळी तुमची चूक नसते. समजा, २ वडापाव, १ मिसळ, ३ चहा यांचे १४६ रुपये झाले. १ वडापाव, २ मिसळ, २ चहा यांचे १८४. आणि ३ वडापाव, ३ मिसळ, ५ चहा यांचे ३३०. दिसायला बिलं तीन, पण तिसरं म्हणजे पहिल्या दोहोंची बेरीज. त्यातून नवीन काहीच कळत नाही, म्हणून सोडवताना ० = ० उरतं आणि भाव ठरत नाहीत. त्याऐवजी ४ वडापाव, १ मिसळ, ४ चहा यांचं १९८ रुपयांचं बिल घ्या आणि सोडवून बघा. वडापाव २० रुपयांना पडला पाहिजे.