त्या रकान्यात नाव नाहीच, शोधू नका

तुमची पोस्ट वाचली आणि तोच रिकामा रकाना डोळ्यासमोर आला. शाळेच्या व्यायामशाळेत लावायला महिला वेटलिफ्टिंगच्या जागतिक विक्रमांचा १९८७ पासूनचा तक्ता करताय, आणि २०१८ च्या यादीत ४९ किलो गटापुढे नुसता आकडा आहे, खेळाडूचं नाव नाही. ते छापायचं राहिलेलं नाही. तिथे कुणी खेळाडू नव्हतीच. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने सगळे वजनी गट बदलले, जुने विक्रम बंद केले आणि नव्या गटांसाठी कागदावर एकेक आकडा ठरवून दिला. त्याला 'वर्ल्ड स्टँडर्ड' म्हणतात. तो गाठल्याशिवाय नव्या गटात विक्रम लागत नाही.

ही एवढी गोष्ट एका कार्यालयाला (नाव घेत नाही) एका ओळीत सांगता आली असती. माझी तीन पत्रं गेली, तिन्हींना उत्तर एकच: 'माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.' माहिती होती, अर्थ नव्हता. अजून राग येतो. तुम्ही पत्रव्यवहारात पडू नका.

आता खरी चूक. १९८७ ते आजपर्यंत एक सलग रेघ ओढायची, हीच ती चूक. अशी रेघ नाहीच. अमेरिकेतल्या डेटोना बीचला १९८७ साली महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा गट ४४, ४८, ५२, ५६, ६०, ६७.५, ७५, ८२.५ आणि त्यावरचा, असे नऊ होते. १९९३ ला ४६, ५०, ५४, ५९, ६४, ७०, ७६, ८३ आणि वरचा. १९९८ ला सातच: ४८, ५३, ५८, ६३, ६९, ७५ आणि वरचा. २०१८ ला दहा, ४५ पासून. जून २०२५ ला आठ: ४८, ५३, ५८, ६३, ६९, ७७, ८६ आणि वरचा. म्हणजे ४८, ५३, ५८, ६३, ६९ हे आकडे परत आलेत, पण विक्रम परत आलेले नाहीत. २०१५ चा ५३ आणि २०२५ चा ५३ एका रकान्यात घातलेत की अख्खा तक्ता खोटा. मीराबाई चानूचा एप्रिल २०२१ चा ताश्कंदमधला ११९ किलोचा क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ४९ च्या गटातला. तो त्या कालखंडाच्या चौकटीतच राहू द्या, ४८ शेजारी नेऊ नका. माझ्या मते तर पाच वेगळे तक्ते करावेत. भिंत जास्त लागेल, लागू द्या.

पदकांचंही सांभाळा. जागतिक स्पर्धेत स्नॅच (बार एका दमात थेट डोक्यावर), क्लीन अँड जर्क आणि टोटल (दोन्हींची बेरीज) अशी तीन वेगळी पदकं मिळतात, ऑलिंपिकमध्ये फक्त टोटलचं. 'जागतिक पदकं किती' याची उत्तरं दोन ठिकाणी दोन येतात ती यामुळेच. सिडनी २००० मध्ये, महिला वेटलिफ्टिंगच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये, कर्णम मल्लेश्वरीचं कांस्य ११० आणि १३०, टोटल २४० वर आलं. वरच्या दोघी २४२.५ वर बरोबरीत होत्या आणि कमी शरीरवजनामुळे लिन वेइनिंगला सुवर्ण मिळालं. बरोबरीचा तो नियम आता नाही, आता जिने टोटल आधी गाठलं ती पुढे. जुने निकाल आजच्या नियमाने तपासू नका.

छापील निकालपुस्तिकेवर विसंबू नका. सिडनीत ४८ किलोचं सुवर्ण आधी बल्गेरियाच्या खेळाडूला दिलं होतं. उत्तेजक चाचणीनंतर ते टारा नॉटकडे गेलं. लंडन २०१२ च्या ६३ किलोमध्ये पहिल्या दोघी बाद झाल्या आणि कॅनडाची क्रिस्टीन जिरार्ड कांस्यावरून सुवर्णावर आली. त्या मुलीचं नाव तक्त्यात तिसऱ्या ओळीत राहिलं तर तो तिच्यावर अन्याय आहे.

जुन्या कात्रणांत आणखी एक गफलत होते. पॉवरलिफ्टिंग हा वेगळा खेळ. त्यात महिलांची जागतिक स्पर्धा १९८० लाच लॉवेल, मॅसॅच्युसेट्सला झाली होती, आणि तिथेही ४४, ४८, ५२ असेच गट असत. बातमीत स्क्वॉट किंवा बेंच प्रेस दिसला की कात्रण बाजूला ठेवा. (मी पंच नाही. नियमाच्या बारकाव्यासाठी त्या-त्या वर्षाचं नियमपुस्तक बघा.)

फोटोवरून वजन मोजणार असाल तर महिलांचा बार १५ किलोचा असतो, २० चा नाही. बारवरच्या खुणा पिवळ्या असतात, पुरुषांच्या निळ्या. प्लेटा घट्ट धरणारे दोन कॉलर अडीच-अडीचचे, म्हणजे सुरुवात २० पासून. टोकियोत मीराबाईने उचललेले ११५ म्हणजे २० अधिक दोन्ही बाजूंना ४७.५: लाल २५, निळी २०, आणि छोटी लाल अडीचची. ती छोटी मोठ्या प्लेटमागे लपते, म्हणून समोरून काढलेला फोटो घेऊच नका, तिरका घ्या.