फिलाडेल्फियाला जाण्याआधी: बडोद्याच्या एका आर्किटेक्टला उत्तर

तू विचारलंस: बडोद्यात तीन वर्षं जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम केलंय, आता फिलाडेल्फियाला ऐतिहासिक इमारती मोजणाऱ्या सरकारी चमूत एका उन्हाळ्यापुरती जागा मिळतेय. जावं का, तयारी काय करावी, आणि पुढे तिथेच नोकरी लागेल का? मीही बडोद्याच्या दांडिया बाजारातलीच, इथे अमेरिकेत याच कामात बरीच वर्षं आहे, तेव्हा सविस्तर लिहिते. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तूगं करतेय.

जा. मात्र नवं तंत्रज्ञान शिकायला म्हणून जाऊ नकोस. लेझर स्कॅनर काय, तो अहमदाबादेतही मिळतो. इथे शिकायची ती नोंदीची शिस्त. असे चमू ज्याच्यासाठी काम करतात तो हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे, ज्याला सगळे हॅब्स म्हणतात, १९३३ साली मंदीत बेकार झालेल्या आर्किटेक्टांना काम मिळावं म्हणून सुरू झाला. मोजून काढलेले नकाशे, मोठ्या निगेटिव्हवरचे कृष्णधवल फोटो आणि लेखी इतिहास, सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा होतं आणि तुला आज रावपुऱ्यात बसून फुकट बघता येतं. नकाशे पाचशे वर्षं टिकावेत या हिशेबाने कागद आणि शाई ठरवतात. भिंत वाकडी असेल तर नकाशातही ती वाकडीच दिसली पाहिजे. आपल्याकडे दोन टोकांची मापं घेऊन मध्ये सरळ रेघ मारून मोकळे होतात, ते इथे खपत नाही. खोलीचे कर्ण मोजायचे, ओळंबा सोडायचा, आणि जे दिसलं नाही ते अंदाजाने भरायचं नाही.

म्हणून निघण्याआधी एक काम कर. ओळखीतल्या एखाद्या जुन्या वाड्याचा चौक मालकाला विचारून हाताने मोज आणि शाईने काढ. खांब, तुळया, गवाक्षं, सगळं. मुलाखतीत आणि पहिल्या आठवड्यात तो एक नकाशा तुझ्या पदवीपेक्षा जास्त बोलेल.

दुसरी तयारी चुन्याची. फिलाडेल्फियाच्या जुन्या विटा मऊ, आणि त्यांचे सांधे मुळात चुन्याचे. अमेरिकेत पोर्टलंड सिमेंट १८७०च्या दशकात बनायला लागलं, नंतर लोकांनी दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, त्यानेच भरल्या. सिमेंट विटेपेक्षा कठीण आणि कमी पाझरणारं. भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडायची ती विटेतून पडू लागते, क्षार विटेच्या तोंडाशी साचतात, हिवाळ्यात पाणी गोठून फुगतं आणि विटेचे पोपडे सुटतात. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, पण लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा क्षार, तोच. बडोद्याच्या तांबेकर वाड्यासारख्या भिंतचित्रांच्या वास्तूत तर ओल कुठून बाहेर पडते यावरच सगळं अवलंबून. तेव्हा चुना मुरवणं, सुरखीचं (विटेच्या भुकटीचं) प्रमाण, दरजा भरून पुढचे दिवस ओल राखणं हे एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याच्या शेजारी बसून शिकून ये. इथले तरुण हे प्रयोगशाळेत शिकतात. तू हाताने शिकलेली असशील, आणि त्याची इथे खरोखर कदर होते.

एका गोष्टीचं तुला आश्चर्य वाटेल. आपल्याकडे २०१०च्या कायदादुरुस्तीपासून केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई आहे. इथे १९६६च्या कायद्याने आलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत घर असलं, तरी मालक स्वतःच्या पैशाने ते पाडू शकतो. अडवणूक करतो तो शहराचा स्थानिक कायदा. राष्ट्रीय यादीचा उपयोग सरकारी पैसा किंवा परवाना लागला तर, आणि करसवलतीला. यादीतल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतीची नियमानुसार दुरुस्ती केली तर खर्चाच्या २० टक्के कर वाचतो, आणि आमच्या क्षेत्रातली कितीतरी कामं त्यावरच चालतात.

आता नोकरी. खरं सांगते, तीन महिन्यांच्या बळावर इथे राहण्याचा बेत करू नकोस. व्हिसा जे-१, म्हणजे प्रशिक्षण-देवाणघेवाणीचा, असेल. पदवीनंतर वर्षाहून जास्त अनुभव असल्याने तू 'इंटर्न' नव्हे, 'ट्रेनी' गटात बसशील. पत्र येताच यजमानांना विचार की मानधन सरकारी पैशातून आहे का. असेल, तर नंतर एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डाआधी दोन वर्षं भारतात काढायची अट लागू शकते. हीच अट कौशल्य-यादीतल्या, म्हणजे ज्यांना आपले कुशल लोक परत हवेत अशा देशांच्या लोकांनाही लागते; भारताचं नाव डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून निघालं, त्या कारणाने येणारी अट गेली. सरकारी पैशाची अट कायम आहे. आरोग्य विमा सक्तीचा, तो कोण भरणार हेही लेखी घे. आपल्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदणीवर इथे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, परवाना राज्यागणिक मिळतो. डिझायनर किंवा कॉन्झर्व्हेटर म्हणून काम करायला तो लागत नाही, माझ्यासोबतचे बरेच जण तसेच आहेत.

मानधनात घरभाडं निघतं का ते आधी बघ. नसेल, तर नाही म्हणण्याऐवजी यजमानांकडे राहण्याची सोय माग. उन्हाळ्यात विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी असतात, बहुतेकदा सोय होते.