पंपिंग लेमा: 'पी बरोबर चार घ्या' वाल्या नोट्स बाजूला ठेव

तुझी पोस्ट वाचली आणि माझी केटी (राहिलेला विषय पुन्हा देणं) आठवली. पंपिंग लेमाचं (एखादी भाषा, म्हणजे स्ट्रिंग्सचा संच, रेग्युलर नाही हे दाखवायचं प्रमेय) उत्तर नोट्सप्रमाणे लिहिलं तरी मार्क नाहीत आणि का ते कोणी सांगत नाही, असं तू लिहिलंयस, माझी सेम केस. डीएफए, एनएफए (मोजक्या स्टेटची मशीन, जिला भाषा ओळखता आली तर ती रेग्युलर) तुला येतायत असं दिसतंय, ते सोडतो.

ठाणे स्टेशनजवळच्या ज्या क्लासला मी जायचो (नाव घेत नाही) तिथे शिकवायचे की पी (लेमातली लांबी, निदान तेवढ्या लांब स्ट्रिंगलाच लेमा लागतो) बरोबर चार घ्या, स्ट्रिंगचे तीन तुकडे करा, मधला दोनदा लिहा, भाषेबाहेर गेली की 'नॉट रेग्युलर', झालं. आता हेच 'एबी कितीही वेळा' या भाषेवर लावून बघ. स्ट्रिंग एबीएबी, पहिला तुकडा रिकामा, मधला नुसता ए, दोनदा लिहिला की एएबीएबी, गेली बाहेर! अरे पण हिचा डीएफए डेड स्टेट (जिथून सुटका नाही ती) धरून तीन स्टेटमध्ये होतो, म्हणजे ही रेग्युलरच आहे! एवढं साधं तिथे कोणी तपासलं नाही, वर रिझल्टनंतर विचारायला गेलो तर 'तपासणाऱ्याला कळत नाही' म्हणून मोकळे. फी पूर्ण घेतलेली. अजून राग येतो.

पी आणि तुकडे तू ठरवायचेच नाहीत. पत्त्यांच्या डावासारखं आहे, समोरचा पी देतो, तू स्ट्रिंग टाकतोस, तो तुकडे पाडतो, मग मधला तुकडा किती वेळा लिहायचा (पंप करायचा) ते तू सांगतोस, स्ट्रिंग भाषेबाहेर गेली की तू जिंकलास, आणि त्याने कसंही कापलं तरी तू जिंकायला हवंस. 'आधी ए, मग तेवढेच बी' साठी पी वेळा ए आणि पी वेळा बी टाक. पहिल्या दोन तुकड्यांची मिळून लांबी पीपेक्षा जास्त नसते, म्हणून मधल्यात फक्त ए, आणि तो रिकामा नसतो. दोनदा लिहिला की ए वाढले, बी तेवढेच. ती 'म्हणून' वाली ओळ म्हणजेच प्रूफ, ती गाळलीस तर बाकी पानभर लिहून उपयोग नाही.

आणि लेमा लागू होतो म्हणून भाषा रेग्युलर, असं चुकूनही लिहू नकोस, त्यासाठी डीएफए किंवा रेग्युलर एक्स्प्रेशनच दे.

लॉजिकचा चॅप्टर ऑप्शनला टाकू नकोस प्लीज. वरच्या डावातला क्रम, म्हणजे 'प्रत्येक' आधी की 'कोणीतरी एक' आधी, हे तिथेच पक्कं होतं, आणि पुढे ट्युरिंगच्या १९३६ च्या पेपरमधून आलेली अनडिसायडेबिलिटी (काही प्रश्न कुठलाच प्रोग्राम सोडवू शकत नाही) त्याशिवाय पाठच करावी लागते.

जेफ्लॅप हे ऑटोमाटा शिकायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पंपिंग लेमा कॉम्प्युटरविरुद्ध खेळता येतो, क्लासच्या फीआधी ते कर. मी शिकवत नाही, नोकरी करतो, त्यामुळे मार्कांचा पॅटर्न तुझ्या सरांना विचार. उत्तराचा फोटो टाकलास तर कुठली ओळ राहिली ते बघतो.